अमरावती जवळ, तरी नागपूर लवकर: विमानाचं अंतर आणि वेळ यांचा हिशेब

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं, आणि वऱ्हाडातल्या पुष्कळ लोकांना एक कोडं पडलं. अमरावती ते मुंबई हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर. नागपूर ते मुंबई सुमारे ६८५. म्हणजे अमरावती चांगली दीडशे किलोमीटर जवळ. तरीही वेळापत्रकात अमरावतीच्या विमानाला पावणेदोन तासांच्या आसपास लागतात आणि नागपूरच्या विमानाला दीड तास ते एक तास चाळीस मिनिटं. जवळचं गाव उशिरा आणि लांबचं लवकर, हे कसं?

त्याच महिन्यात दुसरी बातमी आली. पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि अमेरिका-कॅनडाच्या काही उड्डाणांना वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. दारव्हा, मोर्शी, आर्वी, ब्रह्मपुरी अशा गावांतून मुला-मुलीकडे निघालेल्या आईवडिलांनी इंटरनेटवर पाहिलेली वेळ वेगळी, तिकिटावरची वेगळी आणि प्रत्यक्षात लागलेली आणखी वेगळी.

यात कोणी फसवत नाही. अंतर मोजलं जातं जमिनीवर, विमान चालतं हवेत. ती हवा स्वतः वाहत असते, आणि तिच्यावर कोणत्या ना कोणत्या देशाचा हक्क असतो. एवढं धरून चाललं की बाकीचा हिशेब घरी बसून करता येतो.

हवाई अंतर म्हणजे काय मोजतात

दोन विमानतळांमधलं पृथ्वीच्या पाठीवरचं सगळ्यात कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. रस्ता नदी-डोंगराला वळसा घालतो, रेल्वे घाट टाळते. नागपूर ते मुंबई रेल्वेने सुमारे ८४० किलोमीटर पडतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, आणि हवाई अंतर ६८५. समृद्धी किती सरळ आखलाय ते या आकड्यांवरून कळतं.

नागपूरहून दिल्ली सुमारे ८५० किलोमीटर, चेन्नई ९०० च्या थोडं वर, कोलकाता हजाराच्या थोडं आत. चारही महानगरं साधारण एकाच टप्प्यात येतात. म्हणून तर १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा तिचं केंद्र नागपूर होतं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, मद्रास इथून निघालेली चार विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. हवाई अंतर ही कोरडी आकडेमोड वाटते, पण नागपूरला देशाच्या विमानवाहतुकीत जी जागा मिळाली ती याच आकडेमोडीने.

नकाशातली सरळ रेघ खरी नसते

भिंतीवरच्या नकाशात अमेरिका आपल्या पश्चिमेला दिसते. मग मुंबई-न्यूयॉर्क विमान अरबस्तान आणि आफ्रिकेवरून सरळ पश्चिमेकडे जायला हवं. तसं ते जात नाही. मुंबईहून न्यूयॉर्कचा सगळ्यात जवळचा मार्ग निघतानाच उत्तरेच्या बाजूने, किंचित पश्चिमेकडे कललेला असतो. मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हियाचा मध्य भाग आणि ग्रीनलँडचं दक्षिण टोक असा तो जातो. न्यूयॉर्क ४१ अंश उत्तर अक्षांशाजवळ असलं तरी हा मार्ग मध्ये ६५ अंशांपर्यंत चढतो. लांबी सुमारे १२,५३० किलोमीटर.

कारण नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. सपाट कागदावर ध्रुवाकडचा भाग ओढूनताणून रुंद करावा लागतो, त्यामुळे तिकडची अंतरं आहेत त्यापेक्षा मोठी दिसतात. गोलावरच्या सगळ्यात जवळच्या मार्गाला बृहद्वृत्त म्हणतात. हा शब्द एकदा माहीत असला की पुरे.

फरक किती पडतो? बीजिंग आणि न्यूयॉर्क दोन्ही जवळजवळ ४० अंश उत्तरेवर आहेत. नकाशात आडवी रेघ धरून, म्हणजे त्याच अक्षांशावरून गेलं तर सुमारे १४,४०० किलोमीटर होतात. उत्तर ध्रुवाजवळून गेलं तर सुमारे ११,०००. साडेतीन हजारांच्या आसपास किलोमीटर वाचतात. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू विमान आणलं, तेही उत्तर ध्रुवावरून. या दोन शहरांमधलं सरळ अंतर जवळपास १४,००० किलोमीटर आहे.

हे पडताळून पाहायला जिल्हा परिषदेच्या शाळेतला पृथ्वीगोल पुरतो. आधी विषुववृत्तावर दोरा गुंडाळून गोलाचा घेर मोजा. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल असेल तर घेर ९४ सेंटिमीटर येईल. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किलोमीटरचा. आता दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर नेऊन ताणा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकेल आणि साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या जवळ भरेल. ताण नीट दिला नाही तर मात्र माप हजारभर किलोमीटरने चुकतं, म्हणून दोरा सैल ठेवू नका, आणि ताणला की लांबणारा लोकरीचा धागा घेऊ नका. शिवणाचा जाड दोरा उत्तम.

दीड तास जातो कुठे

नागपूर-मुंबईच्या एअरबस ३२० जातीच्या विमानाचा वरच्या हवेतला वेग ताशी सुमारे ८३० किलोमीटर असतो. ६८५ ला ८३० ने भागलं तर ५० मिनिटं येतात. तिकिटावर मात्र ९० ते १००. मधली चाळीस-पन्नास मिनिटं कुठे गेली?

तिकिटावर छापलेली वेळ ही विमान हवेत असण्याची वेळ नसतेच. गेटवर उभ्या विमानाची चाकं मोकळी झाली तिथपासून ते पोहोचल्यावर गेटवर पुन्हा थांबेपर्यंतचा काळ त्यात धरतात. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्याची फोड साधारण अशी होते.

आधी विमान मागे ढकलतात, इंजिनं सुरू होतात, विमान चालत धावपट्टीच्या टोकाला जातं आणि परवानगीची वाट पाहतं. यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. उडाल्यावर ३५,००० फुटांच्या आसपास चढायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर १८० ते २०० किलोमीटर कापून होतात. १०,००० फुटांखाली वेगाला ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते, त्यामुळे सुरुवातीला विमान पूर्ण वेगात नसतंच. मग पूर्ण वेगाचा पट्टा येतो, आणि नागपूर-मुंबईत तो जेमतेम ३०० किलोमीटरचा, म्हणजे वीस-बावीस मिनिटांचा. कारण मुंबईच्या २०० किलोमीटर अलीकडेच उतरणं सुरू करावं लागतं. वैमानिकांचा ढोबळ नियम असा: उंचीचे जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतार सुरू करायचा. ३६,००० फुटांना १०८ सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून २०० किलोमीटर.

शेवटी मुंबईची रांग. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची गर्दी झाली की मागून आलेल्यांना आकाशात लांबट घिरट्या घालत थांबवतात. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. तीन घिरट्या झाल्या की बारा मिनिटं गेली, आणि खिडकीतून तोच समुद्र तीनदा दिसला तर घाबरायचं कारण नाही, ती रांगच आहे.

आता अमरावतीचं कोडं सुटतं. बेलोऱ्याला येणारं विमान एटीआर ७२ आहे, पंख्याचं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. ५४० किलोमीटरला एक तास पाच मिनिटं, वर जमिनीवरची आणि चढउताराची चाळीस मिनिटं. झाले पावणेदोन तास. पण एटीआरला लहान धावपट्टी चालते आणि ७० च्या आसपास प्रवाशांवर त्याचा खर्च निघतो. मोठं विमान तिथे रिकामं उडालं असतं. अमरावती, यवतमाळ, अचलपूर, दर्यापूरच्या माणसाने पाच-पंधरा मिनिटांचा फरक पाहण्यापेक्षा नागपूरला जाण्याचे दोन-तीन तास वाचतात ते पाहावं. विमानाचा प्रवास घराच्या दारापासून मोजला पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. गडचिरोलीहून नागपूर १७० किलोमीटर, एसटीने चारेक तास. एवढ्यात विमान शारजाला पोहोचतं.

वारा: जाताना एक वेळ, येताना दुसरी

मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना पावणेनऊ-नऊ. अंतर तेच, विमान तेच.

वैनगंगेत डोंगा चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. प्रवाहाच्या दिशेने वल्हवलं तर काठावरची झाडं भराभर मागे जातात, उलट्या दिशेने तेवढ्याच ताकदीने वल्हवलं तर एकेक झाड मागे टाकायला दम लागतो. पाण्यातला डोंग्याचा वेग दोन्ही वेळा सारखाच असतो. विमानाचं तसंच आहे. ते हवेत ठरलेल्या वेगाने चालतं, आणि हवा जिकडे वाहते तिकडे तिच्याबरोबर जातं.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ताशी १०० किलोमीटर तर नेहमीचे, हिवाळ्यात काही ठिकाणी ३०० च्याही वर. विमानं नेमकी याच उंचीवर उडतात.

इथे एक शंका हमखास येते: जाताना तोटा, येताना नफा, मग हिशेब बरोबरीत सुटायला हवा ना? सुटत नाही. ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ९००. वारा नसेल तर जायला ८ तास, यायला ८, एकूण १६. आता ताशी १०० चा वारा धरा. समोरून असताना वेग ८००, लागले ९ तास. मागून असताना वेग १,०००, लागले ७ तास १२ मिनिटं. एकूण १६ तास १२ मिनिटं. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा जास्त वेळ सोसावा लागतो.

हा वारा आपल्या शेतातून दिसतो. डिसेंबर-जानेवारीत कापूस वेचताना किंवा हरभऱ्यात असताना वर पाहिलं तर विमानामागे पांढरी रेघ दिसते. इंजिनातून निघालेली वाफ तिथल्या उणे ४० अंशांच्या खालच्या थंडीत गोठून बर्फाचे कण होतात, तीच ही रेघ. दिल्ली-चेन्नई मार्गावरची विमानं आपल्याकडून उत्तर-दक्षिण जातात, त्यांची रेघ यासाठी चांगली. रेघ अगदी डोक्यावर असताना एका झाडाच्या शेंड्याशी तिची जागा धरून ठेवा. हात लांब करून मूठ वळली की ती आकाशातले साधारण दहा अंश झाकते. एका मिनिटात रेघ एक मूठ पूर्वेकडे सरकली, तर त्या उंचीवर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वारा आहे. दोन मुठी सरकली तर दुप्पट. रेघ लगेच विरली तर मोजता येत नाही. तिथली हवा कोरडी असली की असं होतं. थोड्या वेळाने दुसऱ्या विमानावर प्रयत्न करा.

अशा दिवशी मुंबईहून नागपूरला येणारं विमान जाणाऱ्या विमानापेक्षा दहा-पंधरा मिनिटं लवकर येतं. पावसाळ्यात चित्र बदलतं. तेव्हा दक्षिण भारतावर, विमानांच्याही वर १४ ते १६ किलोमीटरवर, उलट्या दिशेचा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा जेट प्रवाह तयार होतो. त्याचा उलगडा पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये केला. आपला मोसमी पाऊस आणि हा प्रवाह यांचं घट्ट नातं आहे. विमानांच्या उंचीवर तेव्हा वारे मंद होतात आणि जाण्या-येण्यातला फरक जवळजवळ मिटतो. विमान कंपन्या मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेळापत्रक बदलतात, तेव्हा या वाऱ्यांचाही हिशेब धरतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. मग ते आवाजापेक्षा जलद गेलं का? नाही. भोवतीच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, आणि आवाजही त्याच हवेतून जातो.

मग लांबचा रस्ता जवळचा ठरू शकतो?

ठरतो, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकच्या बाजूने, पश्चिमेकडे जायचं. साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेलं. हा मार्ग जवळपास १५,३०० किलोमीटरचा. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. कारण सबंध वाट वारा पाठीमागून होता.

म्हणूनच कंपन्या लांबच्या उड्डाणाचा मार्ग रोज नव्याने आखतात. हवामान खात्यांकडून वरच्या वाऱ्यांचे अंदाज येतात, संगणक शेकडो वाटांचा हिशेब करतो, आणि सगळ्यात कमी वेळ व इंधन लागणारी वाट निवडली जाते. सोमवारी ग्रीनलँडवरून गेलेलं विमान गुरुवारी त्याच्या बरंच दक्षिणेकडून जाऊ शकतं. इंटरनेटवरचं अंतर-गणक यातलं काहीच पाहत नाही. ते सरळ अंतर काढतं, एका ठरीव वेगाने भागतं आणि वर अर्धा तास लावतं.

आकाशाला हद्दी असतात

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण अधिकार आहे. कोणाला येऊ द्यायचं, कोणाला नाही, आणि किती शुल्क घ्यायचं, हे तो देश ठरवतो.

२४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं आणि मग महिन्यामहिन्याने मुदत वाढवत नेली. भारतानेही त्याच महिनाअखेरीस पाकिस्तानी विमानांना बंदी केली. याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला निघालेल्या विमानाला आता आधी खाली गुजरातकडे यावं लागतं, अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. मुंबई आधीच दक्षिणेला असल्याने तिथून निघणाऱ्यांना झळ कमी बसते.

बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आहे. परदेशी कंपन्यांना नाही. त्यामुळे दिल्ली ते एकाच परदेशी शहराची दोन तिकिटं पाहताना भारतीय कंपनीची वेळ जास्त दिसू शकते. रशियाच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. २०२२ पासून युरोप, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय कंपन्यांना मोकळं. फिनलंडच्या विमान कंपनीचं हेलसिंकी-टोकियो उड्डाण साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं ते यामुळेच.

वळशाने तास-दीड तास वाढला तर वाटेत उतरावं का लागतं, असंही लोक विचारतात. कारण इंधनालाही वजन असतं, आणि ते वजन उचलायलाच आणखी इंधन जळतं. ढोबळ हिशेब असा की जादा घेतलेल्या इंधनापैकी ताशी तीन-चार टक्के ते वाहून नेण्यातच जातं. चौदा तासांनी पोहोचताना दहा टन जादा शिल्लक हवं असेल, तर निघताना पंधरा टनांच्या आसपास जादा भरावं लागतं. विमान किती वजनानिशी उडू शकतं याला मर्यादा आहे. मग एक तर प्रवासी किंवा सामान कमी करायचं, नाही तर वाटेत उतरून इंधन घ्यायचं. शिवाय वैमानिकांच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत, ते ओलांडले तर दुसरी तुकडी लागते. एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन उड्डाण १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवलं, त्यामागे विमानांच्या नूतनीकरणाबरोबर हा वळसाही होता.

हिमालयावरून सरळ का जात नाहीत?

विमान हिमालयापेक्षा उंच उडतं, त्यामुळे डोंगराला धडकण्याची भीती नाही. अडचण आणीबाणीची आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर डोक्यावरून ऑक्सिजनचे मास्क पडतात, आणि त्यांतला ऑक्सिजन बारा-पंधरा मिनिटं पुरतो. तेवढ्यात विमानाला १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी १४-१५ हजार फुटांवर आहे, आणि पठार शेकडो किलोमीटर पसरलेलं. खाली यायला जागाच नाही. म्हणून त्याच्या कडेकडेने जातात.

समुद्र आणि ध्रुवावर वेगळा नियम लागतो. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या मिनिटांत पोहोचता येईल असा विमानतळ सतत जवळ ठेवायचा असतो. जून २०२३ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या मगादान या दूरच्या गावी उतरलं. प्रवाशांचे हाल झाले, पण उतरायला मगादान होतं, ते या नियमामुळे.

पृथ्वी फिरतेय, मग विमान वर थांबलं तर?

शाळेतली मुलं हा प्रश्न विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. नागपूरच्या अक्षांशावर तो वेग ताशी सुमारे १,५६० किलोमीटर भरतो. तर मग हेलिकॉप्टर नागपूरवर अर्धा तास तरंगत राहिलं की खाली मुंबई यायला हवी. येत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबर त्याच वेगाने फिरते आणि हेलिकॉप्टर त्या हवेत आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम प्रवासावर होतो तो वाऱ्यांमधून. विषुववृत्ताकडची उष्णता, ध्रुवाकडची थंडी आणि पृथ्वीचं फिरणं, या तिन्हींतून जेट प्रवाह जन्मतात.

उशीर झाला तर वेग वाढवत का नाहीत?

थोडा वाढवतात. पण मोठी विमानं आधीच आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर चाललेली असतात. त्यापुढे हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन झपाट्याने जळतं. टक्काभर वेग वाढवून चौदा तासांच्या प्रवासात आठ-दहा मिनिटं वाचतात. धावपट्टीच्या रांगेत तेवढी तर सहज जातात.

तिकीट वाचताना

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावच्या घड्याळाची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावच्या घड्याळाची असते. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणायच्या, मग वजाबाकी करायची. समजा नागपूरहून पहाटे ४ ला निघून शारजाला ६.१५ ला पोहोचायचं आहे. सव्वादोन तास नव्हेत. शारजा आपल्या दीड तास मागे, म्हणून तिथले ६.१५ म्हणजे आपले ७.४५. प्रवास पावणेचार तासांचा. दोहा आपल्या अडीच तास मागे आहे.

अमेरिका-युरोपात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. लंडन साडेचार आणि साडेपाच. नोव्हेंबरात निघताना जुलैचा फरक धरला की घ्यायला येणारा मुलगा विमानतळावर तासभर उशिरा पोहोचतो.

वेळेचा अंदाज स्वतः काढायचा असेल तर किलोमीटरला ८०० ने भागा आणि ३५-४० मिनिटं मिळवा. पाच हजारांच्या वर ८५० ने भागा. एटीआरला ५०० ने. हिवाळ्यात पश्चिमेकडे लांब जायचं असेल तर दहा टक्के जास्त धरा.

सगळ्यात महागात पडते ती तारीख. परदेशची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १३ तारीख, वेळ ०१.३० असेल, तर विमानतळावर १२ च्या रात्रीच पोहोचायचं. १३ च्या संध्याकाळी गावातून निघालेल्या माणसाचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

नागपूर-मुंबई आणि मुंबई-परदेश ही दोन तिकिटं वेगवेगळी काढली तर मधली जबाबदारी तुमची. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी पैसे देणार नाही, आणि सामानही मुंबईत ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागेल. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असतील तर पुढची सोय कंपनीला करावी लागते, आणि सामानाला कोणत्या गावापर्यंतची चिठ्ठी लावली ते नागपूरच्या काउंटरवरच विचारून घ्यायचं. वेगळी तिकिटं काढायचीच असतील तर मध्ये किमान चार-पाच तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत त्याहून जास्त, कारण एकच विमान दिवसभरात पाच-सहा गावं करतं आणि सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलं की दुपारी नागपूरला उशिरा येतं, नागपुरात लख्ख ऊन असलं तरी.

उशीर झालाच तर डीजीसीएच्या, म्हणजे विमानवाहतूक नियामकाच्या, नियमात तोच ब्लॉक टाइम कामाला येतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की कंपनीने खाणंपिणं द्यायचं असतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास, त्याहून लांबच्याला चार. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागता येतं. त्यासाठी तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असावं लागतं. देशांतर्गत प्रवासाचं काउंटर साधारण तासभर आधी आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. म्हणून गावाहून निघताना वेळ काउंटरच्या हिशेबाने धरा.